न बांधलेल्या कचेरीची सावली

१

सकाळी सड्यावर जायचं, चिऱ्यांच्या थप्प्यांभोवती एक फेरी मारायची, कुणी चिरे उचलून नेले नाहीत ना ते बघायचं आणि मग पत्र्याच्या शेडीत बसून राहायचं. एवढंच माझं काम. सरकारला रत्नागिरीत नवी मोठी कचेरी बांधायची होती, म्हणून ते चिरे तिथे येऊन पडले. कचेरी झाली नाही. चिरे राहिले, म्हणून मीही राहिलो.

सडा म्हणजे नुसता कातळ. पावसात त्यावर गवत येतं, दिवाळीनंतर तेही करपून जातं. झाड म्हणाल तर एक नाही. दुपारी पत्रा तापला की मी पंचा भिजवून डोक्यावर घ्यायचो आणि संध्याकाळची वाट बघत बसायचो.

शिमगा होऊन गेला होता. येसूबाईच्या शेळ्या रोज त्या बाजूला यायच्या, सुकलेली काटकी चघळायच्या आणि उन्हं चढली की खाली उतरायच्या. त्या दिवशी त्या उतरल्या नाहीत. भर दुपारी तापल्या कातळावर एका ओळीत बसून रवंथ करत होत्या.

आजारी पडल्या असतील, असं वाटून मी उठवायला गेलो. जवळ पोचलो आणि माझ्या डोक्यावरचं ऊन गेलं.

वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. खाली बघितलं, तर माझ्या पायापाशी सावलीची कड होती. ढगाच्या सावलीसारखी फाटकी नव्हे. गवंड्यानं दोरी धरून काढावी तशी सरळ. वाकून कातळाला हात लावला. अर्धा तळवा भाजला, अर्ध्याला गारवा लागला.

वय झालं, डोळे फसवतात, असं मी मनाला सांगितलं. हात कसा फसवेल, ते मात्र सांगता आलं नाही.

संध्याकाळी येसूबाई शेळ्या न्यायला आली.

"तुझ्या शेळ्या कातळावर बसतात गो हल्ली," मी म्हटलं.

"कातळावर कशाला बसतील? सावलीत बसतात. जनावराला काय तेवढं कळत नाय?"

"कसली सावली?"

"कचेरीची," ती म्हणाली आणि चार पावलं पुढे गेली. मग थांबली. मागे वळून त्या उघड्या कातळाकडे बघत राहिली. पदर तोंडाला लावला, शेळ्यांना काठीनं हाकलत घाईघाईनं खाली नेलं. पुन्हा ती त्या बाजूला आली नाही.

२

कचेरी कशी असावी, यासाठी सरकारनं स्पर्धा लावली होती. शाळेच्या मोठ्या खोलीत सगळी चित्रं टांगली होती. गाव जत्रेसारखा लोटला. कुणी घुमट काढला होता, कुणी घड्याळाचा मनोरा, कुणी राजवाड्यासारखे खांब. चित्रात कचेरीसमोर कारंजी होती आणि कारंज्यांभोवती टोप्या घातलेली माणसं फिरत होती.

एक चित्र आमच्या युसुफचं होतं. तो राजिवड्याचा, तांडेलाचा पोरगा. बापानं बोटीवर मरमर मरून त्याला मुंबईला शिकवलं. बाप गेल्यावर युसुफ आणि त्याची धाकटी बहीण हमिदा, एवढंच ते घर. दोघंही लहानपणी माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. युसुफची कचेरी बैठी होती. चिऱ्याच्या भिंती, उतरती कौलं, चारी बाजूंनी लांबच लांब पडव्या आणि मध्ये चौक.

"घुमट नाय काढलास?" मी विचारलं.

"घुमटाखाली साहेब बसतो, काका. लांबनं चालत आलेला मानूस बसतो पडवीत. त्येला ऊन लागू नये, येवढंच बगितलं."

निवड करणाऱ्यांत मुख्य होते पोंक्षेसाहेब, मोठे इंजिनियर. त्यांनी युसुफच्या पाठीवर थाप मारली. "तुझंच नक्की आहे. निकाल लागेपर्यंत आखणी करून ठेव." युसुफनं सड्यावर चुन्याची फक्की टाकून सगळी कचेरी आखली. आखणी झाली की आमच्याकडे जागेच्या देवाला गाऱ्हाणं घालतात. गावकार लवूनं नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्यावर ह्या पोराच्या हातची कचेरी उभी ऱ्हानार हाय. तिला तुझ्या पदरात घे. कोन आडवा आला तर त्येला समज दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. सगळ्यांत मोठ्यानं युसुफ ओरडला आणि मग आपल्याच आवाजाला हसला.

निकालाच्या दिवशी पोंक्षेसाहेब उभे राहिले आणि युसुफच्या चित्राकडे बोट करून म्हणाले, "हे चोरलेलं आहे. मुंबईत दुसऱ्याच्या टेबलावर मी हा कागद पाहिलाय. खलाशाच्या पोराला हे सुचेल, असं वाटतं का तुम्हाला?"

लोक हसले. बक्षीस घुमटवाल्याला गेलं. तो साहेबांचा भाचा होता.

त्यानंतर युसुफला कुणी गोठासुद्धा आखायला दिला नाही. श्रावणात होड्या किनाऱ्यावर चढवलेल्या असताना तो एकटा समुद्रात गेला. भाट्याच्या वाळूवर सापडला. पुढे राज्यांची फेररचना झाली, मुंबईहून हुकूम आला आणि घुमटाची कचेरीही तहकूब झाली. फक्की पावसानं धुऊन नेली.

३

मी रोज ती सावली बघायला लागलो. सकाळी ती पश्चिमेला लांब पडायची, दुपारी आखडायची, संध्याकाळी पूर्वेला सरकायची. खऱ्या इमारतीची सरकते तशी. कौलांचा उतारसुद्धा कातळावर दिसायचा.

मग आवाज आले. पहिल्यांदा बाक ओढल्याचा. मग दगडी फरशीवर चपला घासत चालल्याचा. वारा थप्प्यांमधून वाहतो, असं मी धरून चाललो. वाऱ्याला शिट्टी वाजवता येते, चपला घासता येत नाहीत, हे कळत होतं. तरी धरून चाललो.

एका दुपारी पुकारा झाला. कचेरीत शिपाई दारात उभा राहून नाव पुकारतो, तसा लांबवलेला आवाज.

"पोंक्षे हाजिर होऽऽ!"

मी शेडीत होतो. पत्र्याला धरून उभा राहिलो. आवाज ओळखीचा होता. युसुफ लहानपणी मला असाच लांबवून हाक मारायचा.

मी तडक लवूकडे गेलो. तो अंगणात जाळं विणत बसला होता. सगळं ऐकून घेतलं, हसला नाही.

"आखनी करून घर बांधलं नाय, तर जागा मोकळी करावी लागते, धाकू," तो म्हणाला. "नारळ देऊन सांगावं लागतं की बाबा, नाय बांधत, तुजं तुला परत. तवा कोनाच्या ध्यानातच आलं नाय."

"मग आता सांग."

"शब्द त्या पोराच्या नावानं टाकला. मागं घ्यायचा तर त्येच्या घरचा नारळ हवा. हमिदाला इचार." त्यानं जाळ्याची गाठ ओढली. "आनि लवकर इचार. घर रिकामं ऱ्हात नाय."

४

हमिदा अधूनमधून दुपारची मला भाकरी आणि सुकटीचं कालवण घेऊन यायची. माझ्या घरी ते चाललं नसतं. सड्यावर कोण बघतंय?

तिच्यासाठी केळशीहून स्थळ आलं होतं. मुलगा मजीद, बोटीवर नोकरीला, स्वभावानं गरीब. भावावर चोरीचा आळ आल्यावर दोन ठिकाणची बोलणी मोडली होती. या मुलानं कशाला विचारलं नाही. ईदला तो सुट्टीवर येणार होता. ही पोर एकदाची केळशीला जावी, वाडीतल्या सावलीत चार पोरं खेळवावीत, एवढीच माझी इच्छा उरली होती.

त्या दिवशी तिनं डबा माझ्यासमोर ठेवला आणि सरळ कातळाकडे चालायला लागली. सावलीच्या कडेला चपला काढल्या. आत पाऊल टाकलं. थोडी सरळ गेली, उजवीकडे वळली, हात लांब करून कशाच्या तरी कडेला धरलं आणि पुन्हा वळली.

वळली आणि दिसेनाशी झाली.

समोर उघडा कातळ होता. पार कड्यापर्यंत नजर जात होती, पलीकडे समुद्र चमकत होता. आड यायला काही नव्हतं आणि तरी ती कशाच्या तरी आड गेली होती. मी हाका मारल्या. माझा आवाज मुळात बारीक.

बऱ्याच वेळानं ती दुसऱ्याच बाजूनं बाहेर आली, पायात चपला सरकवल्या.

"तुमी जेवलात नाय अजून?"

"हमिदा, कुठं गेली होतीस गो?"

"भायनं मला फक्कीवरनं फिरवली होती. कुठं काय, सगळं पाठ हाय माज्या." ती माझ्यासमोर बसली. तिच्या कपाळावर घाम नव्हता. "सुंदर हाय, काका. त्येनं सांगितलं होतं त्येच्यापरीस सुंदर."

मी तिला लवूचं बोलणं सांगितलं. नारळ आण, म्हटलं.

"आनीन."

"कवा?"

"एक मानूस यायचा हाय. तो येऊन जाऊ दे." मग डब्याचं झाकण उघडून तिनं माझ्यासमोर सारलं. "येऊ दे नुसता. जायाचं मग बगू."

"मजीद ईदला येतोय."

"तोपत्तुर होईल."

मी डब्याचं झाकण परत लावलं.

५

पोंक्षेसाहेब जीपमधून आले. चिरे लिलावात काढायचे होते, ते बघायला. चढणीला इंजिन तापलं म्हणून ड्रायव्हर रघू टोपण उघडून पाणी ओतत राहिला.

"काय रे म्हाताऱ्या, अजून आहेस?"

"व्हय साहेब."

"दगडांना पहारा! आमचं सरकार म्हणजे धन्य आहे." त्यांनी हॅट काढून कपाळ पुसलं. "इथे कुठे टेकायला सावली नाही का रे?"

"हाय की," मागून आवाज आला. हमिदा हातात पाण्याचा तांब्या घेऊन सावलीच्या कडेला उभी होती. ती केव्हा आली, मला कळलंच नाही. "हिकडं या, साहेब."

"ही कोण?"

"युसुफची भैन."

साहेबांनी हॅट पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "वाईट झालं त्याचं. पण बाई, चोरी ती चोरी."

"व्हय. कागद तुमीच बगितला होतात ना? मग येऊन ओळखा तरी, तोच हाय काय."

"साहेब, जाऊ नका," मी म्हटलं.

ते माझ्याकडे वळले. "का रे? साप-जनावर आहे की काय?"

"जनावर नाय."

"मग?"

शिकलेल्या माणसाला काय सांगायचं? मी नुसती मान हलवत राहिलो. ते हसले आणि एक पाऊल पुढे गेले. त्यांच्या हॅटवरचं ऊन विझलं.

ते घाबरतील, असं मला वाटलं होतं. ते घाबरले नाहीत. वर बघितलं, आजूबाजूला बघितलं. मग हात लांब केला आणि तो हवेतच टेकला, ताज्या गिलाव्यावर टेकावा तसा. तो हात हळूहळू सरकत गेला.

"अरे," ते पुटपुटले. "हे कधी झालं? काय साधलंय! वारा बघ कसा येतो. कुणी बांधलं हे?"

"चोरानं," हमिदा म्हणाली. "आत या. मोठं दालन दाखवते."

ते लहान मुलासारखे तिच्यामागून गेले. दोघं उजवीकडे वळली आणि कातळावर कुणी उरलं नाही.

मी तिथेच बसलो. देवाला म्हटलं, साहेबाचं काय ते तू बघ, माझी पोर तेवढी बाहेर आण.

ती आली. तांब्या रिकामा होता. रघू जीपचं टोपण लावून येत होता.

"साहेब कुठायत गो?"

"आत," ती म्हणाली.

रघूनं कातळाकडे बघितलं. त्याला हसू आलं, ते अर्ध्यातच थांबलं.

पोलिसांनी सडा पिंजून काढला, कड्याखाली होड्या फिरवल्या. पाय घसरून समुद्रात गेले असावेत, असं ठरलं. मला विचारलं. मी म्हणालो, उजवीकडे वळले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलंय.

६

त्यानंतर दारं वाजायला लागली. एक उघडायचं, लागायचं. मग दुसरं. मध्ये धावल्यासारखी पावलं. मी कानात बोळे घातले, तरी पायाखालच्या कातळातून ते कळायचं.

पोंक्षेसाहेबांबद्दल माझ्या मनात माया नव्हती. पण एका दुपारी आतून कुणीतरी पाणी मागितलं. तहानलेल्या माणसाचा आवाज मला ऐकवत नाही. मी तांब्या भरला आणि सावलीच्या कडेला गेलो. पाय बाहेर ठेवले. फक्त वाकून डोकं आत घातलं.

आत गार होतं. चुन्याचा ओला वास होता. समोर लांबच लांब पडवी आणि दोन्ही अंगांना दारं. दूर, अगदी दूर पोंक्षेसाहेब दिसले. हॅट नव्हती, दाढी वाढली होती. एक दार उघडून आत गेले, दुसऱ्यातून बाहेर आले. "आलं, हेच शेवटचं," असं स्वतःशीच म्हणत ते पडवीच्या टोकाकडे निघाले. टोकाला भिंत होती.

डाव्या बाजूला चौक होता. चौकापलीकडे खिडकीत टेबल आणि टेबलावर वाकलेली एक पाठ. सदरा भिजून पाठीला चिकटला होता. बाहीतून पाणी ठिबकत होतं. हात चालला होता. कागदावर टाक ओढल्याचा करकर आवाज मला तिथवर येत होता.

करकर थांबली. टोकाच्या भिंतीत दार होतं.

साहेब धावत सुटले. दार उघडलं, पलीकडे आणखी एक पडवी. ते थांबले नाहीत. टाक पुन्हा करकरायला लागला.

"युसुफ," मी म्हटलं.

हात थांबला. पाठ ताठ झाली, मान किंचित वळायला लागली. ती पूर्ण वळली असती, तर मी आज हे सांगायला राहिलो नसतो, असं मला वाटतं. का, ते विचारू नका. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि मागे झालो.

दुसऱ्या दिवशी तांब्या उन्हात ठेवलेला होता. पाणी काठोकाठ, तसंच. युसुफला ते आत जाऊ द्यायचं नव्हतं.

७

ईद झाली. मजीद केळशीहून दोनदा येऊन गेला, असं कळलं. हमिदा मात्र सड्यावर दिसेना. मला बरं वाटलं. साहेब आला, गेला. तिचं मन निवलं असेल, लग्नाच्या गडबडीत असेल. मी स्वतःच नारळ विकत घेतला आणि लवूला बरोबर घेऊन वर निघालो. वाटेत राजिवड्यात हमिदाच्या घरी डोकावलो, म्हटलं तिलाही बरोबर घ्यावं. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, ती तर दिवसभर तुमच्याकडेच असते की, सड्यावर.

आम्ही पोचलो, तेव्हा दुपार झाली होती. सावली कालच्या दुप्पट झाली होती. चिऱ्यांच्या थप्प्या, माझी शेड, सगळं तिच्या पोटात गेलं होतं. लवू कडेला थांबला. "मी आत पाय घालनार नाय," तो म्हणाला. "तिला हितं बोलाव."

हाक मारावी लागली नाही. ती कडेला आली. हसली. गाल बसले होते, डोळे मात्र टवटवीत.

"हमिदा, नारळ आनलाय," मी म्हटलं. "तू नुसता हात लाव. लवू शब्द मागं घेईल. युसुफला आता निजू दे, पोरी. आनि तू केळशीला जा."

"मजीदला नको म्हनून सांगितलं, काका."

"का गो? झालं ना आता तुज्या मनासारखं?"

"कुठं झालं? साहेब अजून दारं उघडतोय. दमला की बसतो, रडतो, मग परत उठतो. आदी दिवसाला साताठ खोल्या पुरायच्या, आता भराभर जातो." तिनं घाबरलेल्या माणसाला समजवावं तसा माझ्या दंडाला हात लावला. तो हात गार होता आणि बोटांना काळी शाई लागली होती. "भायची बोटं दुकतात. दिवसरात किती काढेल एकटा? म्हनून आता दुपारच्या खोल्या मी काढते."

लवूच्या हातातला नारळ खाली पडला. तो उचलायला तो वाकलाही नाही, उतारावरून चालायला लागला.

"तू बाहेर ये," मी म्हटलं. "हमिदा, माज्यासाठी ये."

ती माझ्याकडे मायेनं बघत राहिली. लहानपणी तिला ताप आला की मी रात्रभर उशाशी बसायचो, तेव्हा अशीच बघायची. आतून युसुफनं हाक दिली आणि ती "आले" म्हणाली.

"तुमाला ऊन सोसत नाय, मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी पन एक खोली काढलीय, काका. समुद्राच्या अंगाला. दार मोठं ठेवलंय."

आणि ती उजवीकडे वळली.